६५० वॅटचा एसएमपीएस, ३५० वॅटचं कार्ड, तरी अक्षतांच्या शॉटला पीसी बंद. हिशेब कुठं चुकतोय?

उद्यमनगरचा_एडिटर

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कोल्हापुरात उद्यमनगरात खाली आप्पांचं लेथचं वर्कशॉप आणि वर पत्र्याच्या माळ्यावर माझी दहा बाय बाराची खोली. पाच वर्षं साध्या जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डावर कामं काढली. आता पार्टी फोरकेशिवाय ऐकत नाही, म्हणून दिवाळीच्या पैशातून वापरलेलं आरटीएक्स ३०९० घेतलं. २४ जीबी मेमरी, तीन पंखे, आणि वजन असं की आप्पांनी हातात घेऊन विचारलं, "ह्यो कुठला जॉब?"

बाकी मशीन असं: रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, दोन एसएसडी, एक हार्ड डिस्क, आणि जुनाच ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आतल्या सामानाला वीज पुरवणारा डबा. कंपनीचं नाव काढत नाही. गोल्ड रेटिंगचा आहे आणि पाच वर्षांत एकदाही कुरकुरला नाही. त्याच्या अलीकडं १००० व्हीएचा यूपीएस.

कार्ड देणाऱ्यानं सांगितलं होतं की एसएमपीएस बदला. मी वहीत हिशेब मांडला. कार्ड ३५० वॅट. प्रोसेसरवर १०५ लिहिलेत, पण तो १४२ पर्यंत जातो, म्हणून १४२ धरले. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्का मिळून साठ. बेरीज साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे शंभर वॅट शिल्लक. म्हटलं, हा माल खपवतोय.

पहिले चार दिवस लोण्यासारखं चाललं. पाचव्या दिवशी इचलकरंजीच्या एका लग्नाचं रेंडर (एडिट झाल्यावर शेवटची फाईल काढणं) लावलं आणि सत्तावन्न टक्क्यांवर पीसी खट् करून बंद. निळा पडदा नाही, अडकणं नाही, फुंकर मारल्यासारखा विझला. परत लावलं, परत सत्तावन्न. फाईल खराब असेल म्हणून तेवढा तुकडा काढला तर रेंडर शेवटपर्यंत गेलं.

त्या जागी आहे अक्षतांचा शॉट. गोरज मुहूर्त, हॉलवाल्यानं अर्धे दिवे घालवलेले, कॅमेऱ्याचा आयएसओ वर चढवलेला, सगळ्या फ्रेमभर दाणे. म्हणून तेवढ्या शॉटवर नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसणारा इफेक्ट, टाकलंय. "सावधान" झालं, अक्षता हवेत गेल्या, की पीसी गेला. तीन वेळा अगदी त्याच जागी. आई आता कार्डावरनं मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तयारीत आहे.

मला दिसलेल्या पाच गोष्टी सांगतो. पीसी बंद झाला तरी मॉनिटर चालू असतो, आणि मॉनिटर त्याच यूपीएसवर आहे. यूपीएस बोंबलत नाही. बंद झाल्यावर पुढचं बटण दाबून पीसी उठत नाही, एसएमपीएसचा मागचा खटका अर्धा मिनिट बंद करून चालू करावा लागतो. विंडोजच्या नोंदीत फक्त "कर्नल-पॉवर ४१" येतं. कार्डाचं तापमान चौऱ्याहत्तरच्या वर जात नाही.

दिवसा खाली वेल्डिंग सुरू झालं की माझा दिवा डीम होतो हे खरं, पण एकदा पीसी रात्री साडेअकराला गेला, तेव्हा खाली कुलूप होतं.

तर माझा हिशेब कुठं चुकतोय? आणि दुसरा प्रश्न आप्पांचा आहे, तो त्यांच्याच शब्दांत देतो: "हजाराचा डबा बसवलास तर लाईटबिल बी हजाराचं येणार का?"

---

रंकाळ्यावरचा_गेमर

भावा, १२०० चा घे, विषय संपला. नाद करायचा तर पुरता करायचा.

---

शाहूपुरी_रिपेअर

वरच्या भावाचं ऐकू नका, पैसे उगाच जातील. तुम्ही नोंदी इतक्या नीट ठेवल्यात की निम्मं काम झालंय.

मॉनिटर चालू राहतो म्हणजे यूपीएसनं लाईट सोडलेली नाही. पुढच्या बटणाला दाद नाही आणि मागचा खटका खाली-वर केल्यावर उठतो, म्हणजे एसएमपीएसनं स्वतःला कुलूप लावून घेतलंय. ठरलेल्या मर्यादेपलीकडं करंट ओढला गेला की त्याचं संरक्षण असंच पडतं. "४१" चा अर्थ एवढाच की विंडोजला निरोप न देता वीज गेली. त्यातनं कारण कळत नाही, ती फक्त पंचनाम्याची पावती.

आता हिशेब. तुमची बेरीज चुकलेली नाही, तुम्ही सरासरीची बेरीज केलीय. कार्डावरचा ३५० हा आकडा सरासरी ओढीचा असतो. आतली चिप सेकंदात हजारो वेळा खालीवर होत असते. रिकामी बसलेली चिप एकदम पूर्ण कामाला लागली की एखाद-दोन मिलिसेकंद ओढ पाचशेच्या वर जाते. ३०९० आणि ३०८० ही पिढी यासाठी बदनामच आहे. या कार्डांची कंपनी एनव्हिडिया, तिनं ३०९० साठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवला तो यासाठीच.

तुमच्या एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत ५४ अँपिअर लिहिलेलं असणार. ६५० ला १२ नं भागून बघा. कार्ड ३५० वर २९ अँपिअर घेतं, साडेपाचशेच्या उसळीला ४६. त्याच क्षणी प्रोसेसरचे दहा-बारा. झाली ना ५४ च्या पुढं? संरक्षणाची रेघ स्टिकरपेक्षा जरा वर आखलेली असते म्हणून चार दिवस निभावलं. त्यात पाच वर्षांचे कपॅसिटर, आणि तुमचा पत्र्याचा माळा.

अक्षतांचं कोडंही यातच सुटतं. साध्या शॉटला कार्ड आरामात असतं, डीकोड-एनकोड सगळं वेगळ्या छोट्या भागावर चालतं. नॉइज रिडक्शन सुरू झालं की चिपमधले गणितं करणारे सगळे कोअर एकदम जुंपले जातात. शांततेतनं थेट पूर्ण जोर, त्या एका उडीत एसएमपीएस पडतो. सलग गेम खेळताना कदाचित पडणारही नाही.

एक विचारतो: कार्डाला आठ पिनांची किती भोकं आहेत, आणि केबली किती लावल्यात?

---

उद्यमनगरचा_एडिटर

दादा, तीन भोकं. केबली दोन. एका केबलला पुढं दोन तोंडं आहेत, ती दोन्ही लावली.

---

शाहूपुरी_रिपेअर

वाटलंच. आठ पिनांचं एक तोंड १५० वॅटच्या हिशेबाचं, आणि बोर्डाच्या स्लॉटमधनं ७५. दोन तोंडांच्या केबलवर तुम्ही तीनशेचा भार एकाच वायरीच्या मुळाशी टाकलाय. १०६० ला हे चालून जातं, ते पोरगं १२० वॅटचं. ३०९० ला एसएमपीएसपासून स्वतंत्र तीन केबली ओढा. आणि एक हात जोडून: घरात पडलेली दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, एसएमपीएसकडचं टोक प्रत्येकाचं वेगळं. बसतं बरोबर, पण पिनांचा क्रम वेगळा. माझ्याच टेबलावर माझ्याच हातानं गिऱ्हाइकाची एसएसडी अशी गेलीय. भरून दिली.

---

रिवायंडिंगवाले_काका

मला तुमच्यातलं कार्ड-बिर्ड कळत नाही. पण तीस वर्षं मोटरा बांधतोय, आणि हे जे वरचा पोरगा सांगतोय ते आमच्यात रोजचं आहे.

बाळा, खाली जाऊन आप्पांच्या लेथची नेमप्लेट वाच. पाच एचपीची मोटर असेल तर चालताना फेजला सात-साडेसात अँपिअर घेते. आणि हिरवं बटण दाबल्याबरोबर? सहापट. चाळीस-पंचेचाळीस अँपिअर, पहिले काही क्षण. म्हणून नेमप्लेटवरचा आकडा बघून कुणी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा खटका) बसवत नाही. बी कर्व्हचा एमसीबी तीन ते पाचपटीला पडतो, मोटरेवर तो टिकायचाच नाही. सी कर्व्हचा पाच ते दहापट सहन करतो. मोठ्या मोटरेला मग स्टार-डेल्टा स्टार्टर देतात, उडी बारीक करायला.

म्हणजे तुझ्या वहीत चालू मोटरेचा करंट लिहिलाय, स्टार्टिंगचा लिहिलाच नाहीस. लेथवाल्याचा पोरगा असून!

आणि एक सांग. स्टार-डेल्टासारखं काही तुमच्यात आहे का? जास्त मोठा डबा घ्यायच्या आधी उडीच कमी करता येते का बघ.

---

शाहूपुरी_रिपेअर

काका, आहे की! पॉवर लिमिट. आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक पट्टी सरकवायची. १०० वरनं ८० वर आणली की ३५० चं कार्ड २८० वर थांबतं. वेग वीस टक्के कमी होत नाही, फार थोडा होतो, कारण शेवटच्या सत्तर वॅटमधनं कार्ड फारसं काम काढत नसतं. उसळ्या पूर्ण जात नाहीत, पण उंची उतरते. आणखी हवं असेल तर व्होल्टेज आणि क्लॉक (चिपचा वेग) बांधून टाकायचं, त्यानं उसळ्या जास्त आटोक्यात येतात. पण आधी पट्टी.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर: तवा मोठा घेतला म्हणून भाकरी जास्त लागत नाहीत. हजाराचा एसएमपीएस हजार ओढत नाही, आतलं सामान मागेल तेवढंच ओढतो, वर थोडी घट. गोल्डचा असेल तर मधल्या लोडला शंभरातले दहाएक वॅट उष्णतेत जातात.

---

उद्यमनगरचा_एडिटर

काका, तुमचा मेसेज आप्पांना वाचून दाखवला. "बघ, परवापास्नं हेच सांगतोय" म्हणाले. परवापासून ते बिलाशिवाय काहीही बोललेले नाहीत.

पण नंतर स्वतःच टाँगटेस्टर घेऊन वर आले. मी हौसेनं पुढं झालो आणि यूपीएसच्या आउटपुटला लावलेल्या एक्स्टेंशनच्या जाड केबलला जबडा अडकवला. रेंडर जोरात, पंखे घोंघावतायत, आणि आकडा शून्य. मला वाटलं मीटर गेला. आप्पा दारात उभे राहून हसतायत. एकाच केबलीत फेज जातो, न्यूट्रल येतो, दोन्ही एकमेकांना खातात, मीटरला काय दिसणार? मग त्यांनी खालनं त्यांचा टेस्टिंगचा बोर्ड आणला, त्याची फेजची वायर सुटी बाहेर काढलेली असते. तीत जबडा अडकवला तेव्हा आकडा दिसला.

कार्ड १०० टक्क्यांवर: २.६ अँपिअर, व्होल्टेज २२८. म्हणजे ५९० वॅट, त्यात मॉनिटरचे तीसेक. एसएमपीएसमधनं आतल्या सामानापर्यंत पोचणारे पाचशेच्या आसपास, म्हणजे माझी वही सरासरीला बरोबरच होती. मीटरचा आकडा २.६ वर शांत उभा, आणि अक्षता आल्या की पीसी खलास. उसळी मीटरला दिसलीच नाही. आप्पा म्हणाले, "मोटरेची उडी बी काटा हलायच्या आत होती, ह्या मीटरला काय कळतंय."

मग पट्टी ८० वर. २.३ अँपिअर. अक्षता पडल्या, कन्यादान झालं, सप्तपदी झाली, रेंडर संपलं! आधी त्या शॉटशिवायचं रेंडर एकतीस मिनिटं घेत होतं, आता त्या शॉटसकट तेहतीस.

---

ताराबाईपार्क_थ्रीडी

छान चाललाय धागा, म्हणून मीही लिहिते. मी आर्किटेक्ट आहे, बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू करते, आरटीएक्स ४०९० वर. हे कार्ड ४५० वॅटचं, म्हणजे तुमच्याहून शंभर जास्त. एनव्हिडिया ८५० चा एसएमपीएस सांगते. पुढचं ५०९० तर ५७५ वॅटचं आहे आणि त्याला हजाराचा.

गंमत म्हणजे उसळ्यांचा त्रास मला नाही. २०२२ मध्ये एसएमपीएसचं एटीएक्स ३.० हे नवं माप आलं, त्यात लिहूनच ठेवलंय की शंभर मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट ओढ आली तरी एसएमपीएसनं पडायचं नाही. रिवायंडिंगवाल्या काकांच्या भाषेत, बी कर्व्ह काढून सी कर्व्ह. नवा घेणार असाल तर वॅटच्या आकड्याआधी बॉक्सवर हे माप शोधा.

माझी भीती वेगळी आहे, ती प्लगची. आठ पिनांच्या तीन-चार तोंडांऐवजी आता बोटभर रुंदीचं एकच तोंड, मर्यादा ६०० वॅट. १२ व्होल्टला ६०० म्हणजे ५० अँपिअर, आणि वीज नेणाऱ्या पिना सहा. एकेकीला आठ अँपिअरच्या वर. पीन मात्र सेफ्टीपिनेच्या तारेपेक्षा थोडी जाड, बस्स. ४०९० बाजारात आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात वितळलेल्या प्लगांचे फोटो यायला लागले. प्लग पूर्ण आत बसलेला नसणं हे त्यातलं मोठं कारण निघालं. २०२३ मध्ये सुधारलेला प्लग आला. त्यात खुणेच्या चार पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला कळतं आणि ते ओढतच नाही. माझं कार्ड त्याच्या आधीचं.

त्यामुळे माझ्याकडे एक रीत आहे. प्लग बसवताना दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचा, खट् ऐकू आलं पाहिजे. मग मोबाईलचा टॉर्च मारून बघायचं, कार्ड आणि प्लग यांच्यात नखही जायला नको. वायर प्लगच्या मुळापासून बोटाची दोन पेरं सरळ राहिली पाहिजे, त्यानंतरच वाकवायची. माझं पहिलं कॅबिनेट अरुंद होतं, काचेचा दरवाजा वायरीला दाबत होता. कार्डापेक्षा जास्त शोधाशोध मी कॅबिनेटची केली. ऑफिसच्या मावशी फडकं मारताना कॅबिनेटला हात लावत नाहीत, तसं लिहून चिकटवलंय.

आणि हो, मीही ७० टक्क्यांवर चालवते. व्ह्यू निघायला थोडा जास्त वेळ लागतो, पण एप्रिल-मेमध्ये खोलीत बसवतं. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता खोलीत येते, हे विसरू नका. तुमच्या पत्र्याच्या माळ्यावर तर बोलायलाच नको.

---

रंकाळ्यावरचा_गेमर

ताई, ५०९० घ्यायचा प्लॅन होता माझा. आता आधी कॅबिनेट बघतो 😅

---

उद्यमनगरचा_एडिटर

पंधरा दिवसांनी परत आलो. ताई, दादा, काका, तिघांचंही ऐकलं.

८० टक्क्यांवर जुन्या एसएमपीएसनं दहा-बारा रेंडरं काढली. मग एका सांगलीच्या हळदीला परत पडला. एकदाच, पण पडला. त्या दिवशी रात्री पेनड्राईव्ह द्यायचा होता आणि पार्टी खाली उभी. म्हणून ८५० चा, ताईंनी सांगितलेल्या मापाचा एसएमपीएस आणला. तीन स्वतंत्र केबली, जुन्या केबली जुन्या डब्याबरोबरच बांधून ठेवल्या. मुद्दाम एकदा पट्टी १०० वर नेऊन अक्षतांचा शॉट सहा वेळा चालवला. एकदाही नाही पडला. मग परत ८० वर आणून ठेवली, कारण दोन मिनिटांसाठी सत्तर वॅट जाळायची हौस मला नाही.

यूपीएसचं एक राहिलं होतं, ते कळलं. १००० व्हीए लिहिलंय म्हणून मी हजार वॅट समजत होतो. मागं बारीक अक्षरांत ६०० वॅट आहे. म्हणजे १०० टक्क्यांवर रेंडर चालू असताना लाईट गेली असती तर ५९० चा भार आणि ६०० ची मर्यादा. परवा मुद्दाम रेंडर चालू असताना मेन खटका पाडून बघितला. ८० टक्क्यांवर चार मिनिटं तग धरला, सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरे. बॅटरी जुनी आहे हेही त्यातच कळलं.

आप्पांनी बोर्डापासून माझ्या खोलीला वेगळी लाईन ओढून दिली, वेल्डिंगच्या लाईनपासून सुटी, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. आता खाली वेल्डिंग लागलं तरी दिवा जेमतेम लवतो.

बिलाचं: मॉनिटरसकट भिंतीतनं आता सव्वापाचशे वॅट. दिवसाला सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस रेंडर धरलं तर ७९ युनिट. आप्पांना वहीत मांडून दाखवलं. त्यांनी खाली १०० टक्क्यांचं गणित स्वतः केलं, ८८ आलं, आणि नऊ युनिटांखाली दोन रेघा मारल्या.

जुना ६५० चा डबा चांगल्या चालू स्थितीत आहे. दीड-दोनशे वॅटच्या कार्डाला अजून काही वर्षं जाईल. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, उद्यमनगरात येऊन न्या. केबली त्याच्याच देतो, सगळ्या मोजून.